कागदावर न आणलेलं कोपर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना सगळी वस्ती अक्षरकाकू म्हणते. कोपऱ्यावरच्या बेकरीत केकवर नावं लिहिणं हे त्यांचं काम. क्रीम भरलेल्या कागदी कोनाचं टोक किती कापायचं, कोन किती दाबायचा आणि कुठे अलगद सोडायचा, हे त्यांच्या उजव्या हाताला पाठ होतं. लांबलचक नाव आलं की गिऱ्हाईकच संकोचून म्हणायचं, "राहू द्या हो, टोपणनाव लिहा." काकू म्हणायच्या, "का? पोराला ठेवलंय ना पूर्ण नाव? मग केकवर अर्धं कशाला?" आणि गोल केकच्या कडेनं ते नाव असं वळवायच्या की शेवटचा काना मेणबत्तीच्या अलीकडे नेमका थांबायचा. मी जन्मभर फळ्यावर लिहिलं, पण जोडाक्षराला इतकी मोकळी जागा माझ्या हातून कधी मिळाली नाही.

अशा हाताचं मधलं बोट एका सकाळी फुगून उठलं. नुसता सांधा नव्हे, बुडापासून नखापर्यंत सगळं बोट. काकूंच्याच भाषेत, यीस्ट जास्त झालेल्या पावासारखं. मग तर्जनी. मग टाच अशी दुखायला लागली की सकाळी पहिलं पाऊल टाकताना त्या भिंतीला धरून उभ्या राहायच्या. उठल्यावर तासभर मूठ उघडायची नाही. उघडली तर मिटायची नाही. कोन हातात धरला की क्रीम भलतीकडेच जायचं.

बेकरीचे मालक तसे भले. त्यांनी महिनाभर काही म्हटलं नाही. मग एकदा 'शुभेच्छा'मधला 'च्छा' उशीवर डोकं टाकून झोपल्यासारखा आडवा झाला, तेव्हा म्हणाले, "काकू, हात बरा होईपर्यंत खोक्यांना रिबिनी बांधा. नाहीच जमलं, तर साखरेच्या कागदावर नाव छापायचं यंत्र येतं म्हणतात." रिबिनीची गाठ मारायला कोन धरण्यापेक्षा जास्त बोटं लागतात, हे मालकांना कोण सांगणार? काकूंनी मात्र एवढंच ऐकलं की यंत्र येतं. त्या दिवसापासून त्यांना दुखण्यापेक्षा त्या यंत्राचीच धास्ती जास्त.

आता डॉक्टरकडे जायचं, यात अवघड काय? अवघड असं की घरात विमा होता. आणि विमा होता कारण घरात दीर होता.

हे धाकटे दीर, म्हणजे काकूंचे भावोजी, आरोग्य विमा विकतात. माणूस मनानं सोन्यासारखा. सगळ्या नात्यागोत्याला पॉलिसीखाली आणल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. दीड वर्षापूर्वी वहिनीचा अर्ज त्यांनीच भरला. अर्जात प्रश्न होता, त्वचेचा काही आजार? काकूंच्या दोन्ही कोपरांवर आणि कानामागे कित्येक वर्षं लाल चट्टे, वर पांढरा भुसा. कधी कमी, कधी जास्त. औषधाच्या दुकानातून मलम आणायचं आणि लावायचं. काकू म्हणाल्याही, "अहो भावोजी, हे माझं कोपराचं..."

"वहिनी, तो कोंडा आहे. कोंडा हा आजार धरला तर देशात एक माणूस विमा काढायच्या लायकीचा राहणार नाही," असं म्हणून भावोजींनी 'नाही'वर टिकमार्क केली. सुबक टिकमार्क. अक्षर त्या घराण्यातच चांगलं.

त्यामुळे बोटं सुजली तेव्हा भावोजींनी आधी पॉलिसी तपासली, मग बोटं. "हाताचं दाखवा, हातापुरतंच बोला. कोपर कागदावर यायला नको. डॉक्टर लिहितात, ते लिहिलेलं कंपनीकडे जातं, आणि कंपनी म्हणते, तुम्ही लपवलंत."

"पण आपण लपवलंच आहे की," काकांनी, म्हणजे काकूंच्या नवऱ्यानं, म्हणून पाहिलं. काका लिफ्ट दुरुस्त करतात. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसाशी कसं बोलावं, हे त्यांना चांगलं समजतं.

"दादा, लपवलेलं नाही. सांगितलेलं नाही. यात फरक आहे, आणि त्या फरकावर आमचा सगळा धंदा चालतो."

तर काकू लांब बाह्यांचा ब्लाउज घालून, भावोजींना बरोबर घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर घाईत होते. बोटं दाबली, फोटो काढायला लावला. फोटोत काही नव्हतं. युरिक ॲसिड वाढलेलं नव्हतं. संधिवाताची रक्ततपासणी, तीही निगेटिव्ह. डॉक्टरांनी विचारलं, "कातडीचा वगैरे काही त्रास?" काकूंनी तोंड उघडायच्या आत भावोजी म्हणाले, "छे, छे. कातडी एकदम छान." डॉक्टरांनी 'जास्त वापराने सूज' असं लिहून हाताला विश्रांती सांगितली. रिबिनी बांधणाऱ्या बाईला.

महिने गेले. सूज बोटं बदलत राहिली. मधल्या बोटाचं शेवटचं पेर वाकायला लागलं. मोठ्या तपासण्या करायच्या ठरल्या, तेव्हा कळलं की येऊन-जाऊन केलेल्या तपासण्यांचे पैसे पॉलिसी देत नाही. त्यासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागतं. मात्र नुसत्या तपासणीसाठी भरती झालेलं चालत नाही, उपचारासाठीच व्हावं लागतं. आणि उपचार कशावर करायचे, हे तपासणीशिवाय कळत नाही. मला हे भावोजींनी जिन्यात दोनदा समजावून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगून झाल्यावर त्यांनाही जरा कमी समजल्यासारखं वाटलं.

शेवटी 'असह्य वेदना' असं कारण लिहून काकू भरती झाल्या. वेदना खरीच होती, पण सकाळची. दहानंतर अंग मोकळं झालं की त्यांना पडून राहवेना. मी भेटायला गेलो तेव्हा त्या शेजारच्या पेशंटची चादर नीट करत होत्या. तेवढ्यात भावोजी धावत आले. "वहिनी, झोपा, झोपा. विम्याच्या खिडकीवरचा माणूस वर येतोय."

काकू पांघरूण ओढून पडल्या. काकूंच्या सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "एवढी वर्षं मी म्हणते, बाई जरा पड, तेव्हा पडली नाही. कंपनीनं म्हटलं की पडते."

तिथंही त्या लांब बाह्यांतच होत्या. हातांचे फोटो झाले, यंत्रात घालून झालं, नळ्या भरभरून रक्त गेलं. निदान आलं, 'सांध्यांची सूज, कारण अस्पष्ट'. सूज आहे हे काकू घरूनच ओळखून आल्या होत्या.

काही दिवसांनी कंपनीनं कळवलं की आमचा माणूस घरी येऊन क्लेमची चौकशी करेल. भावोजींनी सगळ्यांची तयारी करून घेतली. कोण काय बोलणार, कोण काय नाही बोलणार. सासूबाईंना सांगितलं, "आई, तू काहीच बोलायचं नाहीस."

"मी कधी बोलते?" सासूबाई म्हणाल्या.

तो माणूस दुपारी यायचा होता, तो सकाळीच आला. भावोजी पोचले नव्हते, काका एका लिफ्टच्या खड्ड्यात होते. मी पेपर परत करायला वर गेलो होतो, तो तिथेच बसलो. चौकशीवाला तरुण, अतिशय नम्र. बूट बाहेर काढून आला, पाणी मागितलं. नोकरी काय, त्रास कधीपासून, सकाळी आखडतं का, किती वेळ, टाच दुखते का, सगळं शांतपणे विचारलं. कुठल्याच डॉक्टरनं काकूंना टाचेबद्दल विचारलं नव्हतं. मग म्हणाला, "मावशी, हात बघू का जरा?"

त्यानं हात उजेडात धरला आणि बोटं नाही, नखं पाहिली. "हे बारीक बारीक खड्डे कधीपासून आहेत? सुईनं टोचल्यासारखे?"

"ते होय, जुनेच आहेत," काकू म्हणाल्या.

"आणि कोपरावर वगैरे काही? डोक्यात, कानामागे?"

काकूंनी भावोजींनी पढवलेलं उत्तर आठवायचा प्रयत्न केला. पण खोटं बोलण्यापूर्वी त्या जरा थांबतात, आणि तेवढ्यात सासूबाईंचा संयम सुटला.

"हे आमच्याकडचं नाही हो," त्या म्हणाल्या. "लग्नात घेऊन आलीये ती. हिच्या वडलांना विचारा, आता नाहीत म्हणा ते, पण त्यांचीही कोपरं अशीच आणि बोटंही अशीच वाकडी. आमच्या घराण्यात कुणाला आहे का दाखवा. मी तेव्हाच म्हटलं होतं, मुलीचे हात बघा, पण माझं ऐकतो कोण?"

बत्तीस वर्षं ज्या टोमण्यानं काकूंचा जीव नकोसा केला होता, तो त्या तरुणानं मान डोलवत टिपून घेतला. काकूंनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि बाही वर केली.

"झालं तर," तरुण समाधानानं म्हणाला. "सोरायसिस आहे, आणि सांध्यांचं त्याच्यातूनच आलंय. सोरायटिक आर्थ्रायटिस. आजार पॉलिसीच्या आधीपासूनचा आहे, अर्जात सांगितलेला नाही. सॉरी मावशी, क्लेम बसणार नाही."

"नाव परत सांगा," काकू म्हणाल्या.

"क्लेम बसणार..."

"ते नाही हो. आजाराचं."

त्यानं परत सांगितलं. काकूंनी ते एकेक अक्षर सोडवून म्हणून पाहिलं, मोठ्या केकची ऑर्डर घेतात तसं. मग विचारलं, "याला औषध असतं?"

"असतं की. सांध्यांचे वेगळे डॉक्टर असतात, त्यांना दाखवा. मी काही डॉक्टर नाही, पण अशा केसेस शोधायचं कामच आहे ना आमचं. लवकर जा मात्र. वाकलेलं पेर परत सरळ होत नाही, पण बाकीची वाचतात."

भावोजी धापा टाकत आले तेव्हा तो बूट घालत होता. काय झालं ते कळल्यावर ते आईकडे वळले. "आई, तू काहीच बोलायचं नव्हतंस."

"मी कुठं बोलले? त्याला माहीतच होतं," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात काकू आखूड बाह्यांत सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी कोपरं पाहिली, नखं पाहिली, वडलांबद्दल विचारलं आणि तेच नाव लिहिलं. चट्टे दुसऱ्याला लागत नाहीत, हेही मालकांसाठी वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिलं. मग विचारलं, "हे कोपर आधीच्या डॉक्टरांनी पाहिलं नाही?"

"ते कंपनीला चालणार नव्हतं," काकू म्हणाल्या. बाईंना वाटलं, बेकरी कंपनीबद्दल बोलतायत.

आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू झाली, अधूनमधून रक्त तपासायचं. पैसे स्वतःचे. भावोजींना अर्थातच स्वस्थ बसवेना. एका संध्याकाळी ते नवी युक्ती घेऊन आले. "वहिनी, आपण तक्रार करू. तो पोरगा डॉक्टर नाही. त्यानं केलेलं निदान ग्राह्यच धरता येत नाही. निदान रद्द झालं की नकार रद्द."

"भावोजी," काकू कोनाच्या कागदाची गुंडाळी करून बघत म्हणाल्या, "इतक्या जणांत माझा हात त्या एकट्यानं ओळखला. आता त्यालाच खोटं पाडायचं?"

"खोटं नाही हो. नुसतं अग्राह्य."

"मग तुम्हीच करा अर्ज. टिकमार्क तुमची छान येते."

काका हसले. वर्षभरात त्या घरात काका मोठ्यानं हसलेले मी पहिल्यांदा ऐकले. भावोजी रुसले नाहीत. त्यांनी चहा घेतला आणि जाताना वहिनीचा हात हातात घेऊन बोटं एकेक करून पाहिली. पॉलिसी न उघडता, पहिल्यांदाच.

चार महिन्यांनी सूज बरीच उतरली. मूठ मिटते, टाच टेकते. मधल्या बोटाचं पेर वाकडं राहिलं ते राहिलंच. कोन आता शेजारच्या बोटावर पेलावा लागतो, आणि म्हणून काकूंची सगळी अक्षरं उजवीकडे कलतात. पुन्हा लिहिलेला पहिला केक त्या झाकूनच मालकांकडे घेऊन गेल्या. यंत्राची जागा मालकांनी मोजूनही ठेवली होती. त्यांनी झाकण काढलं, मान तिरकी करून बराच वेळ वाचलं, आणि दुपारपर्यंत काउंटरवर पाटी लागली, 'नवीन तिरपी अक्षरं, जादा पैसे'.

परवा मी पाव आणायला गेलो होतो. एक मुलगी केकवरचं नाव निरखत होती. म्हणाली, "काकू, किती सुंदर कलतं हो तुमचं अक्षर. शिकायला किती वेळ लागला?"

"वर्षभर," काकू म्हणाल्या.

"क्लास घेता का?"

"मी नाही घेत. आमचे दीर घेतात," काकूंनी कोन अलगद उचलून शेवटची वेलांटी सोडली. "त्यांच्याकडून पॉलिसी काढ."