वळणावरचा पत्ता

भागीकाकीच्या घरी कोणी आपलं आपण पोहोचलं, असं कधी झालंच नाही. उमरठच्या वर डोंगरात तिची वाडी. तिथल्या शाळेत माझी बदली झाली, त्या दिवशी एसटी थांबली त्या वळणावर ही उंच, काटक बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी. पाणी पाजून तिने माझी पिशवी काखोटीला मारली आणि चढण संपेपर्यंत माझ्या सात पिढ्यांची चौकशी उरकली. गुरांचा डॉक्टर असो की जावई, सगळ्यांना हाच पाहुणचार. "आपला आपण दारात येऊन उभा ऱ्हातो तो पावना नाय, गुरुजी. तो वसुलीवाला," असं ती म्हणायची.

तिचा दत्ता मुंबईची नोकरी सोडून पोलादपुरात गॅरेज चालवत होता. मुलगा गुणी, पण डोंगरातलं घर म्हटलं की स्थळं माघारी फिरत. काकीला त्याचाच घोर लागला होता. शेवटी मी महाडची एक मुलगी सुचवली, दवाखान्यात नर्स असलेली. घर बघायला ती स्वतः मामांबरोबर येणार होती, आई नंतर. दत्ताने आईच्या मोबाइलमध्ये पत्त्याचं ॲप टाकून दिलं. आपल्या जागेवर बोट दाबायचं, छोटासा पत्ता मिळतो, तो पाठवला की माणूस नेमका तिथेच येतो. घरामागे जेसीबीने नुकताच कच्चा रस्ता काढलेला. पाहुणे थेट पडवीशी उतरतील, चढण दिसणारच नाही, असा त्याचा बेत.

पत्ता काकीने पाठवला. मी पाहुण्यांच्याच गाडीत होतो, पण मागचा नवा रस्ता मलाही ठाऊक नव्हता. मोबाइल 'पोहोचलात' म्हणाला तेव्हा समोर घर नाही की दार नाही; एसटीचं तेच वळण, करवंदीच्या जाळ्या आणि तांब्या घेतलेली काकी. मामा माझ्याकडे असे बघू लागले, जणू मीच त्यांना पळवून आणलंय. घरी वाट बघणारा दत्ता फोनवर रडकुंडीला आला होता.

काकीचं बोट चुकलं नव्हतं. मुद्दाम वळणावर येऊन तिने तिथला पत्ता काढला होता. ती थेट मुलीपाशी गेली.

"वर गाडीचा रस्ता हाय, पर पावसात तो ऱ्हात नाय. मंग हीच वाट. लपवून सून न्यायची नाय मला. चढून बघ, बाय. नाय झेपलं तर नाय म्हण, मी राग नाय धरणार."

मामा कुरकुरले. मुलीने ओढणी कमरेला बांधली आणि ती काकीबरोबर निघालीसुद्धा. मी मागे धापा टाकत होतो. कुठला दगड निसरडा, कुठला झरा उन्हाळ्यातही टिकतो, हे काकी तिला सांगत होती. मध्येच काकीला दम लागला, तशी मुलीने तिला खाली बसवलं, नाडी बघितली, गोळ्या कसल्या चालू आहेत ते विचारलं आणि त्या वेळेवर घेत नाही म्हणून चांगलंच दटावलं. काकीला दटावणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

पोहे झाले. निघताना मामा रिवाजाप्रमाणे 'कळवतो' म्हणाले. असले 'कळवतो' या घराने पुष्कळ ऐकले होते. मुलगी मात्र मोबाइलवर काहीतरी पाठवत होती.

"मावशी, तुमचा पत्ता आईला पाठवलाय. ती रविवारी येते म्हणाली. वळणावर याल ना तिला घ्यायला?"

पदराने तोंड पुसून काकी म्हणाली, "येनार का म्हणून काय इचारतेस गो? शनवारपासून जाऊन बसते."