हाक न मारता

देवीवर माझा राग होता, हे आधीच लिहून टाकते. हात जोडायचे, पण आत खदखदत असायचं. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन कोकणातून लालबागला आले आणि वीस वर्षं मसाल्याच्या कांडपावर काढली. मिरचीच्या खकाण्याने तिथे सगळ्यांचाच आवाज बसतो. माझा बसला तो उठलाच नाही. मिरचीनेच झालं असं सांगता येत नाही, असं परळच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. गाठ आहे, स्वरयंत्र काढलं तर जीव वाचेल, पण आवाज जाईल, एवढं मात्र त्यांनी स्वच्छ सांगितलं आणि सहीचा कागद पुढे ठेवला. मी सही केली नाही. आमचे हे रोज विनवायचे, मी मान फिरवायचे. आवाजाशिवाय माझ्याजवळ होतंच काय? गिऱ्हाइकाशी, सासूशी, नळावरच्या बायकांशी त्याच्याच जोरावर भांडून मी इथे टिकले होते.

माझ्या माहेरच्या गावाबाहेर रानात एक तळं आहे. बोर्ड नाही, दुकान नाही, बाहेरचं कोणी तिकडे फिरकत नाही. काठावर देवीची पाषाणी आहे, तिला छप्परसुद्धा नाही. त्या रानातली वाळकी काटकी घरी न्यायची नाही, चपला वेशीवर काढायच्या. संकट आलं की काठावर उभं राहून देवीला तीन हाका मारायच्या. पाण्यातून बुडबुडे आले की तिने ऐकलं. ज्याचं संकट, त्यानेच हाक मारायची, दुसऱ्याने मारलेली चालत नाही. मनात धरलं, एकदा तिथे जाऊन यायचं. तिने ऐकलं तर सही करायची, मग आवाज तीच राखेल; नाहीतर नाही. ह्यांनी भावाला फोन लावून दिला. माझी कुजबूज त्याने ऐकून घेतली आणि म्हणाला, "बाय, आवाज नाय, तर थंय जावन काय करतलंस?" घराचं काम काढलंय, झोपायला जागा नाही, असंही पुढे म्हणाला. मी आले तर घरातला वाटा मागेन, ही त्याची धास्ती मला ठाऊक होती. फोन ठेवताना वाटलं, भावाने दार लावलं, आता देवीही लावणार.

तरी गेले. भावाच्या दारावरूनच वाट जाते, पण आत वळले नाही. अनवाणी तासभर चालले. जांभळी आणि किंजळीची झाडं इतकी दाट, की दुपारी बारा वाजतासुद्धा पाणी काळं दिसत होतं. एक पान हलत नव्हतं. काठावर उभी राहिले, तोंड उघडलं, नुसता वारा बाहेर आला. दुसऱ्यांदा तेवढाही नाही. पाणी तसंच, आरशासारखं. तिथेच मटकन बसले आणि रडले, तेही बिनआवाजाचं.

हरवलेली पाडी, म्हणजे गायीची कालवड, शोधत एक म्हातारी तिथे आली. मी तिला ओळखत नव्हते. कुठची, काय झालं, असं तिने विचारलं. मी गळ्यावर हात ठेवला, पाण्याकडे बोट दाखवलं. तिने कमरेवर हात ठेवले. मग म्हणाली, "हाक गळ्यातसूनच मारूक व्हयी, असा कोणी सांगल्यान तुका? पाय आपट."

मी आपटला. भक्तीने नाही, रागाने. भावावरचा, कांडपावरचा, देवीवरचा, वीस वर्षांचा सगळा राग त्या टाचेत उतरला. पुन्हा आपटला, पुन्हा. म्हातारी हसायला लागली. "आगो हळू, देवी भियातली."

आणि समोरच्या काळ्या पाण्यातून बुडबुडे वर आले. आधी दोन, मग माळेसारखे कितीतरी. तळाच्या चिखलात वायू असतो, जमीन हादरली की तो सुटतो, असं आमच्या बिल्डिंगमधला शिकलेला मुलगा नंतर म्हणाला. असेल. मी वाद घालत नाही, घालूही शकत नाही. पण आवाज राहू दे, हे मागायला मी एवढ्या लांब आले होते आणि त्या वेळी ते मागायचंच राहून गेलं. म्हातारी पाडीला शिव्या देत रानात निघूनही गेली होती. तिच्या पाया पडायचं राहिलं, ते अजून टोचतं.

परत येऊन सही केली. आणखी महिनाभर थांबला असता तर आमच्या हातात काही उरलं नसतं, असं ऑपरेशननंतर डॉक्टर ह्यांना म्हणाले. आता मानेतल्या भोकातून श्वास घेते. बोलता येत नाही, वासही येत नाही. गल्लीत मिरची भाजताहेत, हे लोक ठसकायला लागले की कळतं. कांडपावरचं काम गेलं. भाऊ बघायला आला नाही. त्याला माफ केलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

पण मी आहे. सकाळी उठते, ह्यांना चहा देते, देवीसमोर बसते. पूर्वी तिथे बसले की माझी यादी सुरू व्हायची, हे दे, ते दे, याला धडा शिकव. यादी अजून आहे, कमी झालेली नाही. ती आता तिला वाचून दाखवत नाही. माझं काय वाचवायचं, हे त्या दिवशी माझ्यावर सोपवलं असतं, तर मी आवाज वाचवला असता आणि मेले असते.