भुताची अक्षरं

चिंचवडच्या त्या छापखानेवाल्यानं नाटकांच्या जाहिरातींसाठी भुताखेतांची, रक्त ओघळल्यासारखी अक्षरं लाकडात कोरली होती. बोलण्याआधी तो हातातल्या ठशावर फुंकर मारायचा.

कारखान्याचं घाण पाणी आमच्या पाणवठ्यात शिरत होतं. त्याविरुद्धच्या सभेच्या पत्रकाला मला तीच अक्षरं हवी होती.

त्यानं फुंकर मारली. "न्हाई राव. भ्यालेला मानूस घरात बसतोय."

मी त्याला तोंडावर भित्रा म्हणालो. त्यानं लग्नपत्रिकेच्या अक्षरांत पत्रक छापलं आणि प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यांना स्वतः हळदकुंकू लावलं. तसा कागद आमच्याकडे कुणी फेकत नाही. आमंत्रण मानून पाणी भरणाऱ्या बायकाही सभेला आल्या. त्यांच्यापुढं कारखान्याच्या साहेबाला घाण पाण्याचा नाला वळवावाच लागला.

भित्रा हा शब्द मी इथं छापून मागं घेतो.