साडूंनी फाईल मोठी जाऊ दिली

आमच्या साडूंइतका आटोपशीर माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. व्हिडिओ लहान करणारं सॉफ्टवेअर लिहिणं हा त्यांचा धंदा, आणि चित्रात जे हललं नाही ते पुन्हा पाठवायचं नाही, हे त्या धंद्याचं पहिलं सूत्र. साडूंनी ते संसारालाही लावलं. कामठीला आईला फोन करतात तो असा : "काय वं माय, कालच्यापेक्षा काही बदललं काय? नाही? मंग ठेवतो." बॅग भरतात तर आठवड्याचे कपडे जेवणाच्या डब्याएवढ्या जागेत. पुतण्याच्या लग्नात त्या घड्यांतून त्यांचा कुर्ता सुटेपर्यंत मंगलाष्टकं आटोपली होती. मेहुणी सगळ्यांदेखत म्हणाली, "भरता तं झकास, पण काढाले घंटा लागते, त्याचं काय?" साडू म्हणाले, "जागा पाय नं वं किती वाचली!"

धंतोलीतल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंसाठीही त्यांनी असंच आवळलेलं काम केलं. एका गावच्या दवाखान्यातून आजारी बाळांचे व्हिडिओ बाईंना पाठवायचे होते. नेटवर्क रडकं, कॉम्प्युटर त्याहून म्हातारा. साडूंच्या प्रोग्रॅमने व्हिडिओ इतका बारीक व्हायचा की बघत राहावं. पण त्यासाठी नाना युक्त्या लढवत चित्राचा प्रत्येक तुकडा मागच्या ढीगभर चित्रांत हुडकावा लागे आणि तो कॉम्प्युटर धापा टाके. "यातली एक बी युक्ती काढणार नाही," साडू बजावत. त्या युक्त्यांवर त्यांचा पोटच्या पोरांसारखा जीव.

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलो असताना त्या गावच्या दवाखान्यातल्या नर्सचा फोन आला. नुकतं जन्मलेलं बाळ हातपाय झटकत होतं. फिट असेल तर तडक नागपूरला आणायचं, नसेल तर एवढ्याशा जिवाला उन्हात हिंडवायचं नाही; बाई व्हिडिओ पाहूनच सांगणार होत्या. आणि व्हिडिओ अजून बारीकच होत होता.

"दादा, हे काहून अटकून राहिलं?" नर्स रडकुंडीला आली होती.

साडूंनी डोळे मिटले. "ताई, सेटिंग उघडा. मी सांगतो ते बंद करत जा." मग एकेका युक्तीचं नाव घेत गेले. दर नावागणिक त्यांचा आवाज बसत होता. शेवटी एवढंच उरलं की फक्त लगतचं मागचं चित्र पाहायचं. फाईल चांगलीच फुगली, पण लगेच तयार झाली आणि त्या रडक्या नेटवर्कवरूनही रखडत का होईना, गेली! थोड्या वेळात बाईंचाच फोन आला : "झोपेतले हिसके आहेत. फिट नाही. बाळाला आईजवळच राहू द्या."

साडू सोफ्यावर चढून नाचले. मीही नाचलो, मेहुणी पोळी लाटायची सोडून धावत आली. आज विदर्भातले कितीतरी दवाखाने हाच मोठ्या फाईलचा प्रोग्रॅम वापरतात, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा साडू फाटकापर्यंत आले.

"जे बंद केलं नं," ते म्हणाले, "ते लय सुंदर होतं गा. कोणाले दिसलंच नाही."