गाडी थांबायची नाही, भाई थांबतात

भाईंची आणि माझी ओळख झाली ती माझी एसटी चुकल्यामुळे. मी जामसंड्याच्या शाळेत मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि पहिल्याच सुट्टीत गावी निघालो होतो. स्टँडवर पोचलो तर गाडी फाटकातून बाहेर पडत होती. ट्रंक घेऊन मी तिच्यामागे धावलो. तेवढ्यात कर्ण्यातून शुद्ध, खणखणीत मराठीत घोषणा झाली, "ट्रंकवाल्या प्रवाशांनी कृपया धावू नये. त्यांना ते जमत नाही." सगळा स्टँड हसला. घोषणा करणारे ते वाहतूक नियंत्रक म्हणजेच श्री. वासुदेव तोरसकर, आपल्या सर्वांचे भाई, ज्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे.

मी तणतणत त्यांच्या खिडकीशी गेलो. जरा गाडी थांबवली असती तर काय बिघडले असते? भाई कर्णा बाजूला ठेवून मालवणीत शिरले. "गाडी थांबाची नाय, मास्तरानू. मी थांबतंय." त्यांची पाळी संपली होती, घरी पान वाढलेले होते. तरीही पुढची गाडी लागेपर्यंत ते माझ्याशेजारी बाकावर बसून राहिले. चहा पाजला, आणि ट्रंक घेऊन कसे धावायचे तेही सांगितले.

नोकरीत भाईंनी वेळेच्या बाबतीत कुणाचीही भीड ठेवली नाही. एकदा खुद्द त्यांच्या सासूबाई शहाळे घ्यायला उतरल्या आणि भाईंनी गाडी सोडली. मग रजा टाकून, स्कूटरवर मागे बसवून, त्यांना पार कणकवलीपर्यंत स्वतः पोचवले. सासूबाई त्यानंतर जावयाच्या शिस्तीचे कौतुक करीत, मात्र स्कूटरचा विषय निघाला की देवघरात जात.

निवृत्तीनंतर माझी साखर वाढली. डॉक्टरांनी चालायला सांगितले आणि मी ते ऐकून सोडून दिले. दुसऱ्या दिवशी पहाटे भाई दारात उभे. पुढे चालण्याचे धावणे झाले, आणि आमच्यात तोंडवलीचे बाबल खोबरेकर येऊन मिळाले. होडी विकून त्यांनी व्हॅन घेतली होती. आपण धावतो ते भूक लागावी म्हणून, हे ते कधी लपवत नसत.

तीन वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याला अर्धमॅरेथॉन असल्याचे कळले. सत्तरीपुढच्यांसाठी वेगळा चषक होता. भाईंनी आयुष्यात अनेकांचे सत्कार घडवून आणले, पण स्वतःला कधी साधा पेलाही मिळालेला नव्हता. या वेळी मात्र त्यांना तो चषक हवा होता, आणि ते त्यांनी उघड बोलून दाखवले. त्यांच्या घरी वहिनींनी तर शोकेसमधली चिनी मातीची बदके हलवून जागाही करून ठेवली. आम्ही तिघे बाबलांच्या व्हॅनमधून निघालो. सोबत पेजेचा डबा, सोलकढीची बाटली आणि बाबलांचे तांदळाचे घावणे होते. इतर धावपटू पुड्यांतून काहीतरी चिकट चोखत होते, तेव्हा आमच्या व्हॅनमागे पंगत बसली होती.

आता मुख्य घोटाळा. आपल्याकडे कोणतेही काम सुरू करण्याआधी गाऱ्हाणे घालतात, म्हणजे देवाला मोठ्याने साकडे घालतात आणि जमलेली मंडळी प्रत्येक मागणीला 'व्हय महाराजा' म्हणतात. गावात हा मान भाईंच्या घराण्याकडे आहे. आरंभरेषेशी त्यांनी हात जोडले. "बा देवा महाराजा! आज ही तुझी लेकरां धावूक निघाली आसत, तेंका संभाळ!" आम्ही म्हणालो, "व्हय महाराजा!" "तिघय एकत्र जातले, तिघय एकत्र येतले!" "व्हय महाराजा!" आजूबाजूचे आपल्याकडचे धावपटूही सामील झाले. पुण्याच्या मंडळींनी हा व्यायामाचाच प्रकार समजून हात वर केले. इथवर ठीक होते. पण वाट ज्या ज्या गावांच्या शिवेतून जाणार होती, त्या प्रत्येक गावच्या देवाचे नाव घेणे भाग होते. गाऱ्हाणे दुसऱ्या गावच्या वेशीवर असतानाच शर्यत सुटली.

"भाई, सगळे गेले!" बाबल ओरडले.

"गाऱ्हाणां अर्ध्यार सोडतत काय?" भाई डोळे न उघडता म्हणाले.

ज्यांनी हयातभर एकही गाडी उशिरा सोडली नाही, ते स्वतः रुग्णवाहिकेच्याही मागून सुटले.

पण भाई पळाले हो! माणसांच्या गर्दीतून वाट काढत ते दिसेनासे झाले. पुढे कळले, की सत्तरीवाल्यांत एकटे पांढऱ्या टोपीचे कोल्हापूरकर पुढे होते आणि शेवटच्या वळणावर भाईंनी त्यांनाही गाठले. समोर हवेने फुगवलेली शेवटची कमान दिसत होती. तिथे भाईंनी सवयीने मागे वळून आपले प्रवासी मोजले. दोन कमी होते.

ते दोन प्रवासी पार मागे एका काजूच्या बागेच्या दगडी गडग्यावर बसले होते. माझ्या पोटरीत गोळा आला होता आणि बाबल सहानुभूतीने शेजारी बसून घावणा खात होते. तेवढ्यात भाई उलट दिशेने धावत येताना दिसले. येणारे लोक ओरडत होते, "आजोबा, वाट चुकलात!" भाई हात हलवून सांगत होते, "दोन पॅसेंजर रवले!"

मला भरून आले. "भाई, तुम्ही जा. चषक हातचा जाईल," मी म्हणालो.

"गाऱ्हाण्यात काय बोल्लंय?" एवढेच म्हणून त्यांनी माझी पोटरी चोळायला घेतली. मग उभे राहून हातांचा कर्णा केला आणि तोच जुना खणखणीत आवाज आला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. जामसंड्याचे मास्तर वेंगुर्ल्याला जाण्यासाठी उभे राहत आहेत." मी उभा राहिलो. त्या आवाजापुढे न उठण्याची माझी बिशाद नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा शेवटच्या कमानीतली हवा सोडायला घेतली होती. ती छातीपर्यंत खाली आली होती. "देवळात वाकानच जावचा आसता," भाई म्हणाले, आणि आम्ही तिघे एकमेकांना धरून वाकून आत गेलो. पदके मिळाली. चषक कोल्हापूरकरांना मिळाला. भाईंनी त्यांचे मनापासून अभिनंदन केले आणि उरलेली पेज त्यांनाच पाजली.

भाईंच्या घरी वहिनींनी विचारले, "कप खंय आसा?" भाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. "ह्यो काय, हाडलंय. ठेव शोकेसमध्ये." त्या दिवशी मी खूप हसलो. घरी गेल्यावर रडलो, हेही इथे सांगून टाकतो. बदके अजून आपल्या जागी परतलेली नाहीत. हा ग्रंथ तिथे मावेल अशा बेताने काढावा, एवढी माझी संपादकांना विनंती आहे.

शुभेच्छा देताना मी भाईंचीच पद्धत वापरतो. वाचकांनी आहेत तिथून साथ द्यावी.

बा देवा महाराजा! आमच्या भाईंका शंभरीपार धावूक पाय दी! व्हय महाराजा! पुढच्या शर्यतीक तेंका गाऱ्हाणां थोडक्यात आटपूची बुद्धी दी! व्हय महाराजा! तिघय एकत्र गेलंव, एकत्र इलंव, म्हणान एकच मागणां आसा. आमच्यातल्या कोणाचीच गाडी इतक्यात फलाटाक लावू नको!

व्हय महाराजा!