थालियाचं बारसं

भाचीचं बारसं दोन दिवसांवर आलं तेव्हा वहिनीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, नाव ठरलं. थालिया."

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. पण त्याआधी ते बाबांच्या कानावर घालायला हवं होतं. ते कामही माझ्याकडेच आलं.

इंदूरच्या मिलच्या ऑफिसातून रिटायर होऊन बाबांना वीसेक वर्षं झालीत. नाव ऐकून त्यांनी चष्मा काढला. "थालियाँ? क्यों, किती लोक जेवायला येतायत?"

भाऊ फिस्सकन हसला. वहिनीचा चेहरा पडला. ती शाळेत मुलांची नाटकं बसवते. सहज हार मानणाऱ्यातली नाही. बाबांसमोर बसून म्हणाली, "बाबा, हे ग्रीक पुराणातलं नाव आहे. मूळ अर्थ बहरणं. त्यांच्याकडे कलांच्या नऊ देवी. त्यातली विनोदी नाटकांची ती थालिया. हातात हसरा मुखवटा असतो तिच्या."

"एवढंच?"

"नाही. त्याच नावाची आणखी एक देवी आहे, तिघी बहिणींतली एक. सणसमारंभ, मेजवान्या तिच्याकडे."

बाबांनी पाळण्यात डोकावून बघितलं. "हसवणारी, जेवू घालणारी, वर बहरणारी. अरे, फिर तो ये अपने इंदौर की ही हुई!"

वहिनीला हसू आणि रडू एकदमच आलं.

बारशाला शेजारच्या काकू, माम्या सगळ्या पाळण्याभोवती जमल्या. मी वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, पाठीत धपाधप बुक्के बसले, आणि मी मोठ्यानं नाव सांगितलं, "थालिया!"

"लाया जी, लाया!" मागच्या अंगणातून आवाज आला. जिलेबी तळायला बोलावलेला हलवाई स्टीलच्या ताटांची चळत छातीशी धरून थेट पाळण्यापाशी हजर झाला.

मग बाबाच हसत सुटले, पार ठसका लागेपर्यंत. काकू पदरानं डोळे पुसायला लागल्या. हलवायाला काही कळेना. बाबांनी त्याला पुढे बोलावून सांगितलं, "ये है थालिया. ग्रीस की देवी का नाम है, भिया." त्यानं ताटं खाली ठेवली, हात पुसले आणि बाळाला मनापासून नमस्कार केला.

आता ती तीन वर्षांची आहे. घरी येईल त्याला बाबा नावाची गोष्ट ऐकवतात, आणि दर खेपेला पदरचं काहीतरी घालतात. परवा म्हणाले, त्या देवीला जिलेबी फार आवडायची. वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मग दोघींनीही मान डोलावली.