लढाई नको री

घाबरण्याच्या बाबतीत आमच्या कासारमामांचा हात धरणारा माणूस निपाणीपासून खानापूरपर्यंत जन्माला आला नसेल. आणि दुसऱ्यांचे हात धरणं हाच तर मामांचा धंदा होता. खांद्यावर बांगड्यांचं गाठोडं टाकून ते निपाणीच्या गल्ल्यांतून आणि पार कोगनोळीपर्यंतच्या खेड्यांतून फिरत. नात्यानं ते आमचे कुणी नव्हते. पण आईला लग्नाचा चुडा त्यांनी भरला होता, थोरल्या आक्काला त्यांनीच भरला होता आणि पुढेमागे मलाही तेच भरणार होते, म्हणून ते मामा. ते कुत्र्याला भीत, फौजदाराला भीत, तारवाल्याला भीत, आणि वाटेत म्हैस आडवी आली तर तिच्यापुढे हात जोडून "जरा सरका री, बाईसाहेब" म्हणत. हा 'री' आमच्या भागात कानडीतून आलेला, मोठ्या माणसाला मान देण्यापुरता. मामांनी तो सगळ्या सृष्टीला वाटून टाकला होता. ज्याची भीती वाटते त्याला आधीच मान देऊन ठेवावा, म्हणजे तो अंगावर येत नाही, अशी त्यांची समजूत असावी. एकदा आमच्या परसात साप निघाला तेव्हा सगळे काठ्या शोधत होते, आणि मामा लांबच्या कट्ट्यावर चढून त्याला विनवत होते, "जावा री, कशाला तरास करून घेता?" साप गेला. मामांना त्याचं श्रेयही मिळालं, पण कट्ट्यावरून खाली उतरायला त्यांनी संध्याकाळ केली.

शब्दांची भीती तर याहून मोठी. बांगडी फुटली असं कुठल्याच कासाराच्या तोंडून निघत नाही. ती 'वाढली' म्हणायचं, कारण बांगड्या फुटणं म्हणजे काय ते बायकांना सांगावं लागत नाही. मामांनी हा नियम सगळ्या संसाराला लावला. मडकं वाढलं, चप्पल वाढली, बैलगाडीचं चाक वाढलं. एकदा गाल धरून आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "मास्तर, माझा दात वाढला." वडील शाळामास्तर, सगळं तपासून घेणारे. त्यांनी मामांना उजेडात बसवून तोंडात नीट पाहिलं आणि म्हणाले, "अहो, इथं तर नुसतं भोक आहे." "त्येच की री," मामा कळवळून म्हणाले, "वाढला न्हवं का!"

आक्काचा नवरा बेळगावच्या पलटणीत होता. दुसरी मोठी लढाई लागली आणि भाऊजींना बोटीत घालून समुद्रापलीकडे नेलं. कुठे, ते कुणी सांगेना. आक्का माहेरी येऊन राहिली होती. दाराशी सायकलची घंटा वाजली की आई हातातलं काम टाकून देवाकडे बघत उभी राही. अशात एका बाजाराच्या दिवशी भरतीची मोटार आली. वाजंत्री झाली, आणि एक अधिकारी मोटारीच्या पायरीवर उभा राहून ओरडला, "सरकारला फौज वाढवायची आहे! घरटी एक जवान द्या, फौज वाढवा!" मामा तिथेच एका ओट्यावर कुणाचा तरी हात भरत बसले होते. ते तसेच उठले, गर्दीतून वाट काढत मोटारीपाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, असं बोलू नये री. आमची पोरं हायती तिथं." साहेबाला काही कळलं नाही, बाजार मात्र पोट धरून हसला. मामा तडक आमच्याकडे आले. आक्काचे दोन्ही हात हातात घेऊन बांगड्या धड आहेत का ते पाहिलं आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेले. त्या दिवसापासून मलाही त्या शब्दाची धास्ती बसली. जेवायला वाढलंय, असं आक्काला सांगतानासुद्धा माझी जीभ अडखळायची.

पुढे गावात लढाईविरुद्ध फेरी निघणार अशी कुणकुण लागली. लढाईविरुद्ध बोलणाऱ्याला तेव्हा सरळ तुरुंगात नेत. वडिलांची नोकरी सरकारी शाळेतली, त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि आम्हाला खिडकीपाशी जायचं नाही म्हणून बजावलं. अर्थात आम्ही तिघीही खिडकीलाच होतो. फेरीत दोन वकील होते, तंबाखूच्या वखारीतल्या बायका होत्या, चारदोन गाडीवान होते आणि बरोब्बर मध्यभागी, खांद्यावर गाठोडं घेतलेले, आमचे मामा! कुणी हटकलंच तर 'बांगड्या विकायला आलतो' म्हणायची सोय, म्हणून ते गाठोडं. वकील पुढून ओरडत होते, "या लढाईला माणूस नाही, पैसा नाही!" मामांचं तोंड हलत होतं, पण सरकारला असं तोंडावर 'नाही' म्हणायची त्यांची छाती होईना. शेवटी त्यांनी डोळे गच्च मिटले आणि ओरडले, "लढाई नको री!" वखारीतल्या बायका आधी पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग त्यांनीही तेच उचललं. "लढाई नको री! नको री!" इतक्या अदबीनं सरकारला कुणी कधी विरोध केला नसेल. मला हसू येत होतं तरी मी खिडकीचं दार अर्धं लोटून घेतलं, कारण शेजारी आक्काही ओठांतल्या ओठांत तेच म्हणत होती.

मग शिट्टी वाजली. लाठ्या घेऊन पोलीस धावले तशी माणसं मिळेल त्या बोळात घुसली. मामा पळाले नाहीत. त्याला कुणी शौर्य म्हणू नये. त्यांचे पायच उचलेनात. रिकाम्या रस्त्यात ते एकटे, डोळे मिटलेले, "नको री, नको री" पुटपुटत उभे होते. एक लाठी त्यांच्या गाठोड्यावर बसली. तो आवाज मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. रस्ताभर हिरव्या-लाल काचा उडाल्या आणि आक्कानं झटकन आपली मनगटं पदराखाली ओढली. फौजदारानं मामांचं बखोट धरून विचारलं, "काय रे, फुटलं सगळं?" मामांनी डोळे काही उघडले नाहीत. पण उत्तर त्यांनी दिलं, "वाढलं री, साहेब."

बेळगावच्या तुरुंगातून ते सुटून आले तेव्हा निम्मे झाले होते. आईनं त्यांना भाकरी वाढली आणि मी न राहवून विचारलं, "मामा, पालीला भिणारं माणूस तुम्ही, तुम्ही कशाला गेलात?" त्यांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. "पैल्या लढाईच्या टायमाला मी धंद्यात नवा हुतो, पोरी," ते म्हणाले. "ज्या पोरींस्नी चुडं भरलं, वरसाच्या आत त्यांच्याच दारावरनं मुकाट जायाचं. मला बगून त्या आत जायाच्या. मी कुणाला कायबी बोललो न्हाय, लई भ्यालतो. आता बी भ्यालोच की. पण तुझी आक्का हाय नव्हं? तिच्या दारात मला यायाचं हाय."

दिवाळीच्या आधी सरकारकडून तार आली. भाऊजी बेपत्ता. मेले असं कुठे म्हटलं नव्हतं, जिवंत आहेत असंही नव्हतं. चार दिवसांत वडिलांची थोरली बहीण, आत्याबाई, आल्या आणि आक्काच्या हातांकडे बघून म्हणाल्या, आता हे बरं दिसत नाही. वडील पुन्हा पुन्हा तार वाचू लागले. आई चुलीकडे वळली. आक्का कोपऱ्यात हात झाकून बसलेली. तेवढ्यात मामा आले, उंबऱ्याच्या आत येऊन बसले आणि त्यांनी गाठोडं सोडलं. आत्याबाईंच्या आवाजाला गल्ली भीत असे. मामांच्या कपाळाला घाम फुटला होता. "बेपत्ता म्हंजे गेलं असं न्हाय न्हवं री?" त्यांनी आत्याबाईंना विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, "आक्का, हात म्होरं कर." त्यांचा हात इतका कापत होता की बांगडी मनगटावर चढेना. तेव्हा आक्कानं दुसऱ्या हातानं त्यांचा हात घट्ट धरला, आणि तसंच धरून ठेवून दोन्ही हात भरून घेतले.

लढाई संपली. पलटणीतले कितीक परत आले, भाऊजी आले नाहीत. मामा मात्र दर सणाला येत, आक्काचे हात भरत आणि "येतील री, येतील" म्हणत. मामा गेल्याची बातमी आली त्या दिवशी आक्कानं परसात बसून एकेक बांगडी सावकाश उतरवली. एकही फुटू दिली नाही. आई धावली, "अगं, काय करतीस?" आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे आई. हे गेलेत, ते मला तारेच्या दिवशीच कळलंतं. मामांना सांगायचं भ्या वाटायचं."